हळू आवाजातलं घर

१ मे होता. मला सुट्टी, मुलाला सुट्टी, सोसायटीसमोरच्या मैदानात झेंडावंदनाची तयारी चाललेली आणि स्पीकरवर कोणीतरी माइक तपासत होतं. मी हॉलमध्ये पंख्याखाली नुसती पडून होते. आतून भाताच्या वाफेचा वास येत होता. स्वयंपाकघरात आई, म्हणजे माझ्या सासूबाई, फोनवर कणकवलीच्या मावशींशी बोलत होत्या. आंब्यांचं काहीतरी होतं. किती पेट्या, कोणाच्या गाडीतून, यंदा फळ उशिरा का. हे मला अंदाजाने कळलं, कारण दर वर्षी या सुमाराला तेच बोलणं असतं. ऐकू मात्र एकही शब्द येत नव्हता. त्यांच्यात आणि माझ्यात फार तर आठ पावलांचं अंतर होतं. आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत आठ पावलांपेक्षा लांब काही नाहीच.

मी पडल्या पडल्या म्हटलं, "आई, मोठ्याने बोला ना. आज सुट्टी आहे मला." त्या दारातून डोकावल्या, फोनवर तळहात ठेवून "हो गं" म्हणाल्या आणि परत आत जाऊन तशाच कुजबुजायला लागल्या. पलीकडून मावशी ओरडत होत्या, "अगो काय बोलतंस? ऐकाक येना!" मावशींचा आवाज हॉलपर्यंत पोचत होता. आईंचा नाही. मैदानात राज्यगीत लागलं, झेंडा वर गेला, टाळ्या झाल्या. मी उठून बसले. आईंना लग्नानंतर पहिल्यांदा भेटले तेव्हा त्या जिन्यातून कचरेवाल्याला हाक मारायच्या आणि ती तळमजल्यावर ऐकू जायची. तो आवाज शेवटचा कधी ऐकला, हे मला आठवेना.

त्या दिवसापासून मी घर ऐकायला लागले.

पुढच्या सोमवारी कामाला बसताना मी हेडफोनचा एक कान मोकळा ठेवला. नऊला मिक्सर थांबतो. त्याच्या आधी, मी अंघोळीला गेलेली असताना, आई चटणी, दाण्याचं कूट, इडलीचं पीठ, जे काय वाटायचं ते वाटून घेतात. दुपारी कुकर लावायची वेळ आलीच तर दुसऱ्या शिट्टीनंतर तिसरी व्हायच्या आत गॅस बंद करतात. गेली काही वर्षं आमची तूरडाळ अधूनमधून कच्चट राहते. मी ते डाळीच्या प्रतीवर ढकलत आले होते, दोनदा वाणी बदलला. दाराची बेल वर्षापूर्वी बिघडली आणि कोणी दुरुस्त केली नाही, असं मी धरून चालले होते. ती बिघडलेलीच नव्हती. आईंनी वायर सोडवून ठेवली होती. दूधवाला, कचरेवाल्या ताई, कुरियरची मुलं, सगळ्यांना माहीत आहे की या दारावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची. दुपारची मालिका त्या आवाज बंद करून बघतात. दुपारच्या चहाला आमच्याकडे जमणाऱ्या चार-पाच जणी आता दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या जिन्यात सतरंजी घालून बसतात. मी येता-जाता त्यांना बघायचे, हसायचे, आणि मला वाटायचं, तिथे वारा येतो म्हणून बसत असतील.

संध्याकाळी सातला माझा आढाव्याचा कॉल असतो. तीच दिवेलागणीची वेळ. मी या घरात आले तेव्हा आई देवापुढे उभ्या राहून रामरक्षा म्हणायच्या, खणखणीत, प्रत्येक जोडाक्षर वाजवत. मी कधी पुस्तक हातात घेतलं नाही, तरी अर्धी रामरक्षा मला त्यांच्या तोंडून ऐकूनच पाठ झाली. आता निरांजन लावून त्या उभ्या राहतात तेव्हा फक्त ओठ हलतात. हे मी रोज डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला रामरक्षा येत नाही.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि ऑफिसने लॅपटॉप घरी पाठवले, तेव्हा पहिला प्रश्न होता बसायचं कुठे. बेडरूममध्ये नवऱ्याने बस्तान मांडलं, कारण त्याचं काम दिवसभर फोनवर. मुलाची चौथी मोबाइलवर चाललेली, तो स्वयंपाकघरात ओट्याशेजारी पाट टाकून बसायचा. उरला हॉल. हॉलच्या एका भिंतीला खिडकी, एकीला दारं, एकीला कपाट आणि टीव्ही. कॅमेऱ्यात बरी दिसेल अशी मोकळी भिंत एकच होती आणि तिच्यावर सासऱ्यांचा हार घातलेला फोटो. मी घडीचं टेबल त्या भिंतीला पाठ येईल असं मांडलं आणि लॅपटॉप उघडून स्वतःला पाहिलं. माझ्या डोक्याच्या बरोबर वर सासरे. मी काही बोलले नाही, पण माझ्या चेहऱ्यावर जे उमटलं असेल ते आईंनी वाचलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून आले तर फोटो तिथे नव्हता. त्यांनी स्टुलावर चढून तो काढला होता आणि फ्रिजच्या वरच्या भिंतीवर लावला होता. मी म्हटलं, "अहो आई, कशाला?" त्या म्हणाल्या, "तुझे साहेब लोक बघतात ना." खिळा मात्र तसाच राहिला. पाच वर्षं माझ्या प्रत्येक मीटिंगमध्ये तो खिळा माझ्या मागे आहे.

ऑफिसकडून दर वर्षी वेलबीइंगचा सर्व्हे येतो. झोप किती, पाठ दुखते का, डोळ्यांवर ताण येतो का, वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलता येतं का. त्यात एक प्रश्न असतो: घरी काम करण्यासाठी शांत जागा उपलब्ध आहे का? मी पाचही वर्षं 'होय' निवडलं. निवडताना क्षणभरही थांबले नाही.

मागे एका ऑनलाइन व्याख्यानात वक्त्या बाईंनी शांघायच्या एका प्रयोगाचा दाखला दिला होता. सीट्रिप नावाच्या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या अखेरीस तो सुरू केला. इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. एका गटाला आठवड्यातले चार दिवस घरून काम, दुसरा गट पूर्णवेळ ऑफिसात. नऊ महिन्यांनी घरच्या गटाचं काम १३ टक्क्यांनी वाढलेलं निघालं आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. हे दोन आकडे पडद्यावर मोठ्या अक्षरांत होते. १ मे नंतर एका रात्री झोप येईना म्हणून मी तो अभ्यास शोधून वाचला. प्रयोगात भाग घ्यायला एक अट होती: पाळीच्या वेळात घरी कामासाठी स्वतःची वेगळी जागा, म्हणजे स्वतःची खोली वगैरे, असायला हवी. मिनिटाला जास्त फोन घेता आले त्याचं श्रेय घरातल्या शांततेला दिलं होतं. आणि प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी निम्मे जण आपणहून ऑफिसात परत गेले, एकटं वाटतं म्हणून. मोजमाप कर्मचाऱ्याचं होतं. मी अंधारात मोबाइल छातीवर ठेवून पडून राहिले. पलीकडे हॉलमध्ये आई दिवाणावर झोपल्या होत्या, माझ्या टेबलाच्या पायथ्याशी, लॅपटॉपच्या चार्जरच्या हिरव्या दिव्याजवळ. त्यांची झोपायची जागा हेच माझं ऑफिस.

तरीही घरून काम सुटावं असं मला वाटत नाही. हे स्पष्ट लिहायला हवं, नाहीतर वरचं सगळं अर्धवट होईल. डोंबिवलीहून दादर, दादरचा पूल, मग पश्चिम रेल्वेची स्लो पकडून लोअर परळ. दारापासून टेबलापर्यंत पावणेदोन तास, येताना तेवढेच किंवा जास्त. सकाळच्या गाडीत आत शिरले की हात वर करायचा तो वरच, खाली करायला जागा नाही. घरून निघताना पाणी प्यायचं नाही, कारण मग ऑफिसात पोचेपर्यंत सोय नाही. या एका सवयीपायी डब्यातल्या कितीतरी मैत्रिणींनी दुखणी काढली, मीही काढली. महिन्याच्या त्या चार दिवसांत दादरच्या पुलावरून चढताना पोटात गोळा यायचा आणि मागून धक्के. घरून काम सुरू झालं आणि ते सगळं एका दिवसात थांबलं. मी दुपारी गरम भाकरी खाल्ली. मुलगा पायऱ्यावरून पडला तेव्हा मी चार मिनिटांत त्याच्यापाशी होते. आईंच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे होते, ते मी कॉलच्या मधल्या फटींत घातले. त्यांची मान मागे, माझ्या कानात कोणाचा तरी क्लेम नंबर.

आणि २०१७ आहेच. त्या वर्षी २९ सप्टेंबरला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, परळ आणि एल्फिन्स्टन रोड जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. माझा तो रस्ता नव्हता, मी अर्ध्या तासापूर्वी पुढच्या स्टेशनावर उतरून ऑफिसात बसले होते. पण टीव्हीवर 'परळ' एवढंच दिसलं की घरच्या माणसाला कुठला फरक कळणार? फोन लागत नव्हते. मी घरी बोलू शकले तोवर आईंनी देव पाण्यात ठेवले होते. लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात, बाहेर सगळं जग घाबरलेलं असताना, त्या मला म्हणाल्या होत्या, "एक बरं झालं. संध्याकाळी जीव टांगणीला नाही." हे वाक्य मला हल्ली पुन्हा पुन्हा आठवतं. कदाचित त्यांनी तेव्हाच मनाशी हिशेब केला असेल, की सून डोळ्यांसमोर राहणार असेल तर मिक्सर नऊच्या आत आटपायला काय हरकत आहे.

गाडीतलं सगळंच वाईट होतं असंही नाही. आमचा बारा जणींचा ग्रुप होता. दसऱ्याला डब्याला तोरण बांधायचो, संक्रांतीला धावत्या गाडीत हळदीकुंकू, डिसेंबरात परतीच्या गाडीत मटारची पिशवी फिरायची आणि ठाण्यापर्यंत सोलून व्हायची. टिकल्या आणि कानातली विकणाऱ्या मावशींकडे आमची उधारी असायची. माझे वडील गेले तेव्हा मी घरी रडले नाही, मुलगा लहान होता. तेराव्यानंतर कामाला गेले त्या संध्याकाळी मुलुंडच्या पुढे चौथ्या सीटवर बसून रडले आणि शेजारच्या बाईने, तिचं नाव मला आजही माहीत नाही, माझी पर्स स्वतःच्या मांडीवर घेतली. एवढंच. नंतर पारसिकचा बोगदा यायचा. तेव्हा फास्ट गाड्या बोगद्यातून जायच्या. आत शिरताच आवाज एकदम वाढायचा, गार ओलसर वारा यायचा, बोलणाऱ्या बायका वाक्य मध्येच थांबवायच्या, कारण काही ऐकू यायचंच नाही. दीड-दोन मिनिटं सगळा डबा गप्प. पलीकडे उजेडात आलो की बोलणं वेगळं असायचं. बोगद्याच्या अलीकडे साहेब, टार्गेट, अप्रेझल. पलीकडे भाजी काय आहे, क्लासची फी, सासऱ्यांचं औषध. कोणी ठरवलेलं नव्हतं, पण ते तसंच व्हायचं. आता नवे मार्ग झाल्यापासून फास्ट गाड्या मुंब्र्यावरून जातात. बोगदा राहिला बाहेरगावच्या गाड्यांना.

घरी बोगदा कुठून आणणार?

एका रविवारी आम्ही दोघी गवार निवडत बसलो होतो तेव्हा मी विषय काढला. बेलच्या वायरपासून सुरुवात केली. आई ओशाळल्या, जणू त्यांची चोरी पकडली होती, आणि मला माझीच लाज वाटली. म्हणाल्या, "अगं, मला त्याचा काही त्रास नाही. सवय आहे मला." मी म्हटलं, "सवय कसली? पाच वर्षांची?" त्यावर त्यांनी गवारीची शेंग मोडली, शीर ओढून काढली आणि म्हणाल्या, "पाच नाही गं. तुझ्या सासऱ्यांना रात्रपाळी असायची ना."

लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. सासरे लोअर परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. रात्रपाळी करून सकाळी यायचे, चहा घेऊन झोपायचे. खोलीत दोन मुलं, एक धाकटा दीर, कधी गावाहून आलेलं कोणीतरी. ते झोपले की खोलीचा आवाज बंद. स्टो पेटवायचा तो बाहेर गॅलरीत. मुलांना शेजारच्या खोलीत पाठवायचं. भांडं खाली ठेवताना खाली फडकं. माझा नवरा बोलायला शिकला तोच कुजबुजत, असं आईंनी सांगितलं, आणि शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं की याला घसा आहे ना. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली. सासरे दिवसाही जागे, रात्रीही जागे, आता त्यांच्यासाठी गप्प राहायची गरज नव्हती, पण खोलीत कोणाला मोठ्याने बोलवेना. त्या वर्षी आईंनी पापड लाटायला घेतले. परळच्या एका दुकानदाराकडून सकाळी मळलेलं पीठ आणायचं, दिवसभर लाटायचं, गॅलरीत टोपल्या उपड्या घालून त्यांवर वाळवायचं, दुसऱ्या दिवशी वजन करून द्यायचं. किलोवर पैसे. बिघडलेल्या पापडांचे कापून.

मी ऐकत राहिले. घरून काम हा शब्द मी २०२० मध्ये शिकले असं मला वाटत होतं, आणि तो माझ्या शेजारी बसून गवार निवडत होता. या शहरात बायका केव्हापासून घरून काम करतायत! गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले, त्यातून लिज्जत उभी राहिली. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका आपापल्या खोलीत पहाटेपासून चुलीपुढे असायच्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. घराचा कारखाना झाला की घराचं काय होतं, ते या बायकांना कोणी सर्व्हे न पाठवता माहीत होतं. आईंचा उजवा खांदा आजही पावसाळ्यात धरतो. तो पापडांचा खांदा आहे, हे मला त्या रविवारी कळलं. लग्नाला सतरा वर्षं झाली आणि मी दर पावसाळ्यात त्यांना नुसतं मलम आणून देत होते.

"पण तेव्हा भोंगा होता," आई म्हणाल्या. "भोंगा झाला की पाळी सुटली. संपाच्या आधी म्हणतेय मी. भोंगा झाला की आम्हा बायकांना कळायचं, आता वीस मिनिटांत येतील, चहा टाकायचा. माणूस दारात आला की गिरणी मागे राहिलेली असायची. अंगाला कापसाचे तंतू तेवढे असायचे." मग थोडं थांबून, शेंगेवरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "तुझी गिरणी कधी सुटते गं?"

मला उत्तर देता आलं नाही. पूर्वी साडेसहाला मी ऑफिसातून उठायचे, कारण गाडी गाठायची असायची. आता सातचा कॉल संपतो, मग दोन मेल, मग कोणीतरी म्हणतं 'ऑनलाइन आहेस तर एक मिनिट'. जेवण वाढलेलं असतं आणि मी उभ्याने लॅपटॉपवर एक फाइल बघत असते. पाच वर्षांत वाचलेले प्रवासाचे तास मी कुठे घातले याचा हिशेब केला तर निम्मे परत कामातच गेले आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये सांगितलं होतं की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो, ३५-४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत. मी माझे तास मोजले. आकडा इथे लिहीत नाही, नवरा हे वाचणार आहे. कामाची वेळ संपल्यावर फोन आणि मेलला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा, असं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. तेव्हा ती बातमी मी गाडीत वाचली आणि हे आपल्यासाठी नाही म्हणून पुढे सरकवली होती. मला गाडी होती, बोगदा होता.

आमच्या टीममध्ये लातूरचा एक मुलगा आहे, २०२१ मध्ये लागला. दोन वर्षं त्याने घणसोलीच्या एका खोलीत तिघांबरोबर राहून काम केलं, कॉल आला की बाथरूममध्ये किंवा गच्चीवर. कॅमेरा कधी चालू करायचा नाही, आम्हाला वाटायचं लाजतो. ऑफिस पुन्हा सुरू झालं तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरली होती आणि तो एकटा आनंदात होता. पहिल्याच दिवशी त्याने माझ्यासमोर जेवणाचा डबा उघडला आणि म्हणाला, "ताई, दोन वर्षांत पहिल्यांदा कोणाच्या तरी बरोबर जेवतोय." त्याला रोज यायचं आहे. मला रोज यायला लावलं तर मी कोसळेन. त्याच्यासाठी जे औषध ते माझ्यासाठी दुखणं, आणि आमच्या दोघांसाठी परिपत्रक एकच येतं. त्याच शांघायच्या कंपनीत पुढे आणखी एक प्रयोग झाला, १,६१२ जणांवर, आठवड्यातले दोन दिवस घरून. २०२४ मध्ये तो छापून आला. नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने कमी झाले, आणि थांबणाऱ्यांत जास्त करून बायका आणि लांबून येणारे होते. सध्या आमचं असंच काहीसं आहे. मंगळवार, गुरुवार ऑफिस, बाकी घर. मंगळवारी सकाळी मला गाडीचा कंटाळा येतो आणि बुधवारी संध्याकाळी घराचा, हे खरं आहे.

मी काही गोष्टी केल्या. नवऱ्याने बेलची वायर जोडली. पहिल्यांदा वाजली तेव्हा घरातले चौघेही दचकलो. सातचा कॉल सहावर आणता येईल का, असं मी वरिष्ठांना विचारलं. कारण विचारलं तेव्हा खरं कारण सांगितलं. ते काही क्षण गप्प राहिले, मग म्हणाले, साडेपाचला घेऊ. एका मीटिंगमध्ये मी म्यूट न करता बोलत असताना कुकरची शिट्टी झाली, मी बोलणं थांबवलं नाही, आणि कोणाचं काही बिघडलं नाही. महिनाभर मी दिवाण बेडरूममध्ये आणि टेबल खिडकीपाशी हलवून पाहिलं, जमलं नाही. दिवाण परत हॉलमध्ये आला. एवढ्या जागेत एका वस्तूला जागा दिली की दुसरीची जाते. फोटो परत त्या खिळ्यावर लावायचा मी आग्रह धरला तर आई म्हणाल्या, "राहू दे. इथे बरे आहेत. पोळ्या करताना बोलता येतं." संध्याकाळी रामरक्षा चालू असते. ओठांच्या थोडी पुढे आली आहे, उंबऱ्याबाहेर अजून जात नाही. मुलाला मी शेजारी उभं करते. तो कंटाळतो, एका पायावरून दुसऱ्या पायावर होतो.

परवा मंगळवारी ऑफिसातून दुपारी घरी फोन केला. आमच्या मजल्याच्या खिडकीतून एका जुन्या गिरणीची चिमणी दिसते, मी तिथे उभी होते. सासरे ज्या रस्त्याने चालत कामाला यायचे, त्याच रस्त्यावर माझं ऑफिस आहे. आईंनी फोन उचलला. मागे टीव्ही चालू होता, मालिकेतली कोणी बाई रडत होती, आणि ते रडणं मला लोअर परळला स्वच्छ ऐकू येत होतं. जिन्यातल्या मैत्रिणी आत हॉलमध्ये असाव्यात, कपबश्यांचा आवाज होता. आई सांगत होत्या की मुलगा क्लासला गेला, की मावशींची पेटी आली, दोन आंबे डागी निघाले. मला शब्द पकडायला फोन कानावर दाबून धरावा लागला.

मी म्हटलं, "आई, मी घरी नाहीये. ऑफिसात आहे. मोठ्याने बोला."

"हो गं," त्या म्हणाल्या, तितक्याच हळू.

मागे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. मी श्वास धरून उभी राहिले. आई आंब्यांचंच सांगत होत्या, पाऊल हललेलं ऐकू आलं नाही, आणि तिसरी झाली.